आण्णा, तिकडचा निकाल लागला

आण्णा, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार मला कुठून आला, हे माझं मलाच कळत नाही. मी तुमच्या भावकीतला नाही, पै-पाहुण्यातला नाही, दूध संस्थेच्या संचालकांतला तर नाहीच. शोकसभेत ज्यांनी बोलायचं ते बोलून गेले. कुणी तुम्हाला सहकाराचा दीपस्तंभ म्हटलं, कुणी गावाचा आधारवड. मी मांडवाच्या खांबाला टेकून मागं उभा होतो आणि मला सारखं वाटत होतं, तुम्ही समोर असता तर एव्हाना म्हणाला असता, "आवरा आता. धारा काढायच्या हायत."

सभा संपल्यावर रशीदमामांनी मला बाजूला घेतलं. संस्थेचे सेक्रेटरी म्हणून यंदाचा अहवाल तेच काढणार. म्हणाले, "आण्णांच्यासाठी एक पान ठेवलंय. तू ल्ही."

मी म्हटलं, "मामा, मी लिहिलेलं लोकांना चालेल?"

"लोक कुठं वाचत्यात? फोटो बघत्यात आनि मिटत्यात. ल्ही तू."

त्या एका पानासाठी मी बसलो. जन्म कुठं झाला, संस्था कधी काढली, किती वेळा बिनविरोध चेअरमन म्हणून निवडून आलात, हे सगळं कुणीही लिहील. मला ते जमेना. मला जे लिहायचं आहे ते अहवालात छापण्यासारखं नाही आणि एका पानात मावणारंही नाही. तरी लिहितो. चुकलं तर तुम्ही "काय प्रोफेसर" म्हणून हसायचात, तसंच हसा.

प्रोफेसर हे नाव तुम्हीच पाडलंत. मी तेव्हा कॉलेजचं दारसुद्धा बघितलं नव्हतं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात पेढे आले नाहीत. वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत होते. तिथल्या कंत्राटदाराशी त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. आमच्यात त्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे न जाण्यात काही दुःख आहे असं आम्हाला वाटायचंच नाही. तुम्ही संध्याकाळी आलात. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभे राहिलात.

"काय रं, पोराला कंपनीत घालणार म्हणं?"

"व्हय आण्णा. बोलणं झालंय," वडील म्हणाले.

"मग मोड ते. कंपनी कुठं जात न्हाय. चार वर्सांनी जाऊन बग, तितंच असंल. तुझ्यासारकी धूर सोडत."

वडिलांच्या हातात विडी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि ते हसले. त्या हसण्यात माझं कॉलेज ठरलं. तुम्ही जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "जा प्रोफेसर. शिकून ये आनि आमास्नी शिकीव." असं मोठी माणसं बोलतात. मी ते खरं धरलं, हीच पुढची सगळी गोष्ट आहे.

कोल्हापुरात खोली घेऊन राहायला लागल्यावरही शनिवारी गडहिंग्लजची एसटी धरून मी गावी यायचो. घरी पिशवी टाकली की आईची किटली घेऊन डेअरीत. दुधाला रांग असायची. रशीदमामा मशीनवर फॅट बघत असायचे आणि तुम्ही वजनकाट्याशेजारी, हात तुटलेल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. नवीन खुर्ची आणायची म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "नव्या खुर्चीत बसलं की उठू वाटत न्हाय." लोक हसायचे. तुम्ही त्या मोडक्या खुर्चीतूनही इतकी वर्षं उठला नव्हता, म्हणून हसायचे. तुम्हालाही ते माहीत होतं.

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतल्यावर मला एक प्रकल्प मिळाला. दूरच्या एका देशात सार्वमत होणार होतं, त्याचा अभ्यास. नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तुम्ही त्याला 'तुझा देश' म्हणायचात, तेच इथं ठेवतो. त्या देशातल्या प्रत्येक मतदाराला दोन प्रश्न विचारले जाणार होते. राष्ट्राध्यक्ष दोनपेक्षा जास्त वेळा होता येऊ नये, असा नियम करावा का? आणि राष्ट्राध्यक्षाला, पदावर असताना आणि पद सोडल्यावरही, आपल्या कारभाराचा जाब इतर माणसांसारखाच द्यावा लागावा का?

मी हे रांगेत उभ्या उभ्या तुम्हाला सांगितलं. तुमचे डोळे एकदम बारीक झाले.

"सगळ्या देशाला इचारणार? एकेकाला?"

"हो आण्णा."

"आनि आत्ताचा अध्यक्ष किती वर्सं हाय?"

"बरीच. तुमच्याइतकीच असतील."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. रशीदमामा मशीनवरून मान न काढता म्हणाले, "आण्णा, तुमचा जोडीदार घावला की."

"गप तू. फॅट बग." मग माझ्याकडं वळून तुम्ही विचारलंत, "रस्ते केलं का त्येनं? दवाखानं?"

"केलेत थोडेफार."

"मग चालीवतंय त्येला काढायचं कशाला?"

मी वर्गात जे ऐकलं होतं ते माझ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. वाईट माणसाला लोक आज ना उद्या काढतातच. नियम लागतो तो चांगल्या माणसासाठी. तो चांगला आहे म्हणून त्याला कुणी काही विचारत नाही, आणि पुढं विचारायची सवयच राहत नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत. ऐकून घेणं तुम्हाला यायचं, हे मात्र शोकसभेत कुणी बोललं नाही. मग म्हणालात, "आनि समज, लोकच म्हणत्यात, ऱ्हा बाबा तिसऱ्यांदा. मग तुझा कागदावरचा नियम मोठा, का लोक मोठी?"

दूध घालून मी घरी गेलो. पुढचा आठवडाभर लायब्ररीत बसून उत्तरं शोधली. सापडलीही बरीच, पण तुमच्यासमोर टिकेल असं त्यात एक नव्हतं. शेवटी ते आमच्याच गोठ्यात सापडलं. पुढच्या शनिवारी मी आल्या आल्या विचारलं, "आण्णा, धार काढताना रेडकू बांधता का नाही?"

"बांदतो की."

"का? रेडकू वाईट असतं म्हणून?"

"वाईट कशाला असंल? भूक असती त्येला."

"मग नियम म्हणजे तेवढंच. दावं. लोकांनी शांतपणे, आधीच बांधून ठेवलेलं."

तुम्ही अशा जोरात हसलात की काट्यावरचं कॅन हललं. "आयला, म्हंजे मी रेडकू! ऐकलं का रं रशीद? एवढं शिकवून मला रेडकू केलं ह्येनं!" सगळी रांग हसली. माझ्या आयुष्यात मी इतका अभिमानाने कधी लाल झालो नव्हतो.

हसणं थांबल्यावर तुम्ही विचारलंत, "तुझ्या देशात मतं कशी घेणार? हात वर करून?"

"नाही. पडद्यामागं. एकेकटा."

"वरडायचं न्हाय?"

"नाही."

"मग मजा काय त्यात?"

आपल्या सभेची मजा मला लहानपणापासून माहीत होती. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलामागं सभासदांना वाटायच्या स्टीलच्या वस्तूंची उतरंड, बाजूला भज्यांची कढई. रशीदमामा एकेक विषय वाचणार आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा मांडव ओरडणार, "मंजूर! मंजूर!" ही शिस्त तुम्ही लावलेली. का लावली, तेही तुम्हीच एकदा सांगितलं होतं. सभा दुपारी उशिरा सुरू व्हायची आणि धारेच्या वेळेआधी संपायला हवी. वादावादी सुरू झाली की म्हशी खोळंबतात, आणि खोळंबलेली म्हैस पान्हा चोरते. दूध संस्थेच्या सभेनं दूध कमी झालं तर सभा काय कामाची? इतकं साधं कारण होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही खोटं वाटत नाही.

"एवढं वाटतंय तर हितं मांड की," तुम्ही म्हणालात. "सभा हायच म्हैन्याभरात."

"मी कुठं सभासद आहे? नाव आईचं आहे."

"अध्यक्षाच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय म्हणून घेता येतो. परवानगी मी देतो. बोल तू."

चेष्टा होती की खरं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

त्या वर्षी सभेत किटल्या वाटणार होते. टेबलामागं त्या चमकत होत्या आणि लोकांचं निम्मं लक्ष तिकडं होतं, निम्मं कढईकडं. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, सगळं नेहमीसारखं पटापट झालं. मग तुम्ही माईकवर म्हणालात, "आपल्या गावचा प्रोफेसर दोन शब्द बोलणार हाय. बोलू द्या त्येला." मी उठलो. कागद इतका हलत होता की ओळी दिसेनात. आई बायकांत बसली होती, ती पदराआडून माझ्याकडं बघत होती. मी वाचलं: चेअरमनपद एका व्यक्तीस दोन मुदतींपेक्षा अधिक काळ भूषवता येऊ नये, आणि चेअरमननी दरवर्षी या सभेत उभं राहून सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, असा बदल पोटनियमात...

"मंजूर! मंजूर!"

सगळा मांडव ओरडला. मी 'करण्यात यावा' म्हणालोच नाही. माझं वाक्य अजून तोंडातच होतं.

मग शांतता पसरली. अशी शांतता आपल्या सभेत मी पहिल्यांदाच ऐकली. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "काय मंजूर केलं रं?"

"आण्णास्नी काढलं की!"

"कुणी काढलं?"

"तू वरडलास की मर्दा, माझ्या कानात!"

"मी किटलीला वरडलो! मला वाटलं किटलीचा इशय आला!"

एकदम गलका झाला. नामंजूर, नामंजूर म्हणून लोक उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ तर आपलं मंजूर मागं घ्यायला टेबलापर्यंत आले. मी कसाबसा पुढं होऊन तुम्हाला म्हटलं, "आण्णा, हे मत नव्हे. चिठ्ठ्या टाकून परत घ्या. ज्याला जे वाटतं ते त्याला लिहू द्या."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मी नंतर कितीतरी वेळा आठवून बघितली. राग होता म्हणावं तर तसं नव्हतं, आणि माया होती म्हणायची माझी हिंमत होत नाही. तुम्ही रशीदमामांना विचारलंत, "काय ल्हिलंय?"

"अजून काय न्हाय."

"ल्ही मग. मंजूर." आणि माईकवर, "सभा संपली. किटल्या घ्या, भजी खावा. धारा काढायच्या हायत."

तुम्ही स्वतः भजी न खाता गेलात. मांडवातून बाहेर पडून शाळेच्या फाटकापर्यंत एकटे चालत गेलात. तुम्हाला त्याआधी एकटं चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

थंडीत संस्थेची निवडणूक लागली. तुम्ही अर्ज भरला नाही. गावात सगळ्यांनी धरून चाललं की नियम झाला, आण्णांना आता उभं राहता येत नाही. मीही तेच धरलं. नवे चेअरमन आले. त्यांनी नवी खुर्ची आणली.

लोक मला तोंडावर काही बोलले नाहीत. आईला मात्र रांगेत ऐकावं लागलं, "ज्यानं शिकीवला, त्येलाच उठीवला पोरानं." आई घरी येऊन हे सांगायची नाही. किटली जरा जोरात ठेवायची. तुमच्या घरी गेलो तर तुमच्या मंडळी, आक्का, चहा द्यायच्या, पूर्वीसारखाच, साखर जास्त घालून. पण पूर्वी त्या समोर बसून माझ्या खोलीवरच्या जेवणाची चौकशी करायच्या. आता कप ठेवून आत जायच्या.

आण्णा, मला नियम चुकीचा वाटत नव्हता. आजही वाटत नाही, आणि तुमच्यासमोर खोटं बोलून मला हा लेख गोड करायचा नाही. मला खंत वेगळीच आहे. तुम्ही हवेत का नकोत, हे गावाला कधी कुणी विचारलंच नाही. तुम्हाला बसवलं तेही ओरडून आणि उठवलं तेही ओरडून. चिठ्ठ्या घेतल्या असत्या तर माझा अंदाज आहे, माझा ठराव पडला असता. तुम्ही राहिला असता. मी हरलो असतो आणि शनिवारी किटली घेऊन तुमच्यासमोर उभा राहू शकलो असतो.

मग तुम्हाला दम लागायला लागला. कोल्हापूरचा दवाखाना जवळ पडावा म्हणून तुम्ही कळंब्यात लेकीकडं राहायला आलात. मला वाटलं होतं, तुम्ही मला भेटणार नाही. पण लेकीचा फोन आला, "आण्णा म्हणत्यात, प्रोफेसर मेला का जित्ता हाय?" त्या रविवारी मी सायकल मारत आलो, आणि मग दर रविवारी येत राहिलो.

कळंब्याच्या तलावाच्या कडेला बाकावर आपण बसायचो. तुम्हाला थोडं चाललं की थांबावं लागायचं, पण जीभ थांबली नव्हती. "पत्ता सांगायची पंचाईत झालीया," तुम्ही म्हणायचात. "कळंब्यात हाय म्हटलं की गावाकडची इचारत्यात, आण्णा, कुठल्या गुन्ह्यात? जेलनं नाव घालवलं ह्या गावाचं."

आणि हमखास पुढचा प्रश्न, "तुझ्या देशाचं काय झालं?"

"पुढं ढकललं मतदान."

"का?"

"सरकार म्हणतंय, तयारी झाली नाही."

"तयारी त्या अध्यक्षाची झाली नसंल. आनि त्यो दुसरा प्रश्न? खुर्ची सोडल्यावर जाब द्यायचा, त्यो?"

"तोही आहे."

"म्हंजे त्येलाबी कळंब्याला धाडणार की काय?" स्वतःच्या विनोदाला तुम्ही हसायचात आणि मग खोकला यायचा. मी पाठ चोळायचो. हाताला हाडं लागायची.

त्या बाकावर आपण सगळ्यावर बोललो. दुधाचा दर, आमची व्यायलेली म्हैस, माझी परीक्षा, तुमच्या नातवाचं मोबाइल बघणं. सभेवर बोललो नाही. खोलीवरून निघताना मी वाक्य जुळवायचो: आण्णा, त्या दिवशी मला तुम्हाला घालवायचं नव्हतं, मला फक्त प्रश्न विचारायचा होता. संपूर्ण वाटेवर ते वाक्य माझ्याबरोबर असायचं. तुमच्या शेजारी बसलं की ते कुठं जायचं कुणास ठाऊक.

एकदा तुम्हीच सुरुवात केली होती. पाण्याकडं बघत म्हणालात, "त्या दिवशी सभेत मी तुला..." आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "ओ चेअरमन! वळखलं का?" गडहिंग्लजचे कुणी पाहुणे होते, लेकाला भेटायला आलेले. ते बसले, ऊस-पाणी सगळं काढलं, अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. ते गेल्यावर तुम्ही पुढचं बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटली. ते वाक्य 'मी तुला' वरच थांबलं. मी ते किती प्रकारे पुरं करून बघितलं आहे, आण्णा. मी तुला बोलू द्यायला नको होतं. मी तुला ओळखलं नव्हतं. मी तुला माफ केलं. कुठलंच तुमच्या तोंडात बसत नाही.

आपल्या शेवटच्या रविवारी तुम्ही बाहेर आला नाहीत, खाटेवरच होता. मी सांगितलं की मतदानाची तारीख आता पक्की झाली. तुम्ही उशीला टेकून बसलात.

"काय हुईल वाटतंय तुला?"

"हो म्हणतील लोक. दोन्हीला."

"न्हाय म्हणतील. लोकास्नी अध्यक्ष सोडवत न्हाय."

"आणि अध्यक्षाला?"

"त्येला तर लोक अजिबात सोडवत न्हाईत." तुम्ही छताकडं बघितलंत. "पैज लाव."

"कशाची?"

"भज्यांची. हरलो तर मी देतो. न्हाईतरी त्या दिवशीची माझी खायची ऱ्हायल्यात."

त्या अर्धवट वाक्यानंतर सभेचा विषय तुम्ही माझ्यासमोर काढलात तो एवढाच. मी हसलो. तुम्हीही हसलात. मला वाटलं, आता बोलायला वाट झाली, पुढच्या रविवारी नक्की बोलू.

पुढचा रविवार तुम्हाला मिळाला नाही.

मतदान झालं तेव्हा तुमचे दिवस चालू होते. मी फोनवर चित्रं बघितली. लोक उन्हात रांगा लावून उभे होते, म्हाताऱ्या बायका काठी टेकत, पोरं कडेवर घेतलेल्या आया. पुठ्ठ्याचा एक आडोसा आणि त्यामागं एकेकटं माणूस. आडोशामागून बाहेर येताना प्रत्येकाचा चेहरा थोडा गंभीर दिसायचा. तुम्ही म्हणाला असता, मजा काय त्यात? मला वाटतं, मी तुम्हाला ते चेहरे दाखवू शकलो असतो. तुम्ही चष्मा लावून एकेक चेहरा निरखला असता आणि कुणाकडं किती म्हशी असतील याचा अंदाज सांगितला असता.

मोजणीला बरेच दिवस लागले. काल दुपारी लायब्ररीत निकाल समजला. दोन्ही प्रश्नांना लोक हो म्हणाले होते, आणि त्या अध्यक्षानं ते मान्य केलं होतं. पैज मी जिंकलो होतो. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, काय झालं, रडतोयस का? मी वही मिटून स्टँडवर गेलो आणि समोर उभी होती त्या गडहिंग्लजच्या गाडीत बसलो. कुणाला सांगायला निघालो होतो, हे मला गाडी कागल ओलांडेपर्यंत सुचलं नाही.

गावात पोचलो तेव्हा दुधाची रांग संपत आली होती. नव्या खुर्चीत कुणी नव्हतं. तुमची मोडकी खुर्ची रशीदमामांनी मशीनमागं ठेवून घेतली आहे, ते तिच्यावर कॅनची झाकणं ठेवतात. मी म्हटलं, "मामा, तिकडचा निकाल लागला. मंजूर झालं. दोन्ही."

त्यांनी हातातलं झाकण तसंच धरलं. "आण्णा हरलं म्हणायचं."

"तुम्हाला पैज माहीत होती?"

"फोनवर सांगितलं होतं त्येनी. भज्यांचं." झाकण ठेवून त्यांनी हात पुसले. "तिकडं मंजूर झालं. हिकडचं मातर नामंजूर झालंय."

"इकडचं कुठलं?" मी विचारलं.

"तुझा ठराव. मागच्या सोमवारी सहकार खात्याच्या तालुक्याच्या हापिसात बोलीवलं होतं मला. पोटनियम ऐनवेळच्या विषयात बदलता येत न्हाय म्हणत्यात. नोटिशीत आधी द्यावं लागतंय. म्हंजे त्यो नियम झालाच न्हाय. कवाच झाला नव्हता."

"मग आण्णांना थंडीत अर्ज भरता आला असता?"

"आला असता की. मी म्हटलं होतं. त्याच सांजंला, मांडव मोकळा झाल्यावर त्यांच्या घरी गेलतो. म्हटलं, आण्णा, ह्यो ठराव टिकत न्हाय. तर म्हणालं, ठावं हाय मला. परवानगी दिली तवाच ठावं होतं. वाटलं, पोरगं बोलंल, लोक हसतील, सोडून देतील. अर्जाच्या वक्ताला परत गेलतो. म्हटलं, भरा, कोण अडीवत न्हाय."

रांगेतल्या शेवटच्या बाईची किटली काट्यावर तशीच होती. ती पण ऐकत होती.

"मग का नाही भरला?"

रशीदमामांनी तुमचं बोलणं तुमच्याच आवाजात सांगितलं. त्यांना तो इतकी वर्षं ऐकून येतो.

"म्हणालं, रशीद, मंजूर वरडायची सवय ह्यास्नी मीच लावली. त्या वरडण्यानं मला एवढी वर्सं बसीवलं, तवा मी कुणाला इचारलं न्हाय, खरं म्हणताय का किटलीला म्हणताय. आता उठीवलं तर कुठल्या तोंडानं इचारू? आनि त्या पोराला ह्यातलं काय सांगू नको. कागद बघितलास न्हवं, कसा हलत हुता त्येच्या हातात? वाटू दे त्येला, आपला नियम झाला म्हणून."